न ताणलेली बाज

इंग्रजीत ‘सॅग’ म्हणून एक क्रियापद आहे. लहानसं, दिसायला अगदी गरीब. मी पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, चांगले जडजंबाल शब्द मुलांच्या गळी उतरवले, पण या एका क्रियापदावर जितका वेळ घालवला तितका दुसऱ्या कशावरच घालवला नाही. त्याचं कारण माझी आत्या.

तेव्हा आम्ही पाथरीला राहत होतो. बाबा कचेरीत कारकून. मी परभणीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, म्हणजे करायचं ठरवलं होतं. नामांतराची ती वर्षं. कॉलेज उघडलं म्हणेपर्यंत पुन्हा बंद. एसटी सुटली तरी परभणीला पोचेल याचा भरवसा नाही, मानवतहून परत फिरायची. विद्यापीठाला नाव कोणाचं द्यायचं यावरून मराठवाड्यात माणसांची घरं जाळली गेली, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ ‘पोरगी घरी बसली’ एवढाच होता. आठवलं की अजून चीड येते. असो. तर मी घरी बसले होते, आणि घरात आत्या होती.

आत्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. आजी-आजोबा लवकर गेले, म्हणून बाबांनीच तिला वाढवलं आणि बाबांनीच तिचं लग्न लावलं, पालमकडच्या एका खेड्यात, चांगली काळी जमीन असलेल्या घरी. मूल होईना म्हणून नवऱ्याने दुसरी केली. आत्या एका पिशवीत लुगडी घालून परत आली ती आमच्याकडेच राहिली. ती कधी रडताना दिसली नाही. भांडताना मात्र रोज दिसायची: दूधवाल्याशी, मांजराशी, माझ्याशी.

त्या वर्षी तिने दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं. सतरा नंबरचा फॉर्म भरला. नर्सच्या ट्रेनिंगला दहावी पास लागत होती आणि तिच्या वयाची अट नेमकी त्याच वर्षापर्यंत होती. म्हणजे ह्या मार्चला पास झाली तर ट्रेनिंग, नाही तर कायमचं राहिलं. गणिताची तिला भीती नव्हती. बाजारात तिला कोणी फसवलेलं मी पाहिलं नाही. अडत होतं ते इंग्रजी. बाबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यांचं इंग्रजी सहीपुरतं. म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली. बाबा या परीक्षेबद्दल चांगलंही बोलत नसत आणि वाईटही बोलत नसत. घरात कोणी पापड लाटतंय तसं तिचं वाचणं त्यांनी धरलं होतं.

पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यात जुनं घर होतं आणि त्या घराचं छप्पर ‘सॅग’ झालेलं होतं. गाइडात मराठी अर्थ दिला होता, खचणे. मी तो वाचून दाखवला आणि पुढे निघाले. आत्याने मला तिथेच धरलं.

“छप्पर खचलं? खचती ती आडाची कड. छपराला झोळ येतो.”

“तेच ते, आत्या.”

“तेच कसं? खचलं म्हंजी गेलं. झोळ आला म्हंजी हाय अजून. उद्या दवाखान्यात मी सांगितलं की पेशंट खचला, अन् तो नुसता सैल पडला आसंल, तर?”

मला हसू आलं. पण रात्री पडल्या पडल्या ते डोक्यातून जाईना. कॉलेजच्या ग्रंथालयाची एक जाडजूड डिक्शनरी माझ्याकडे अडकून पडली होती. परत करायची तर ग्रंथालय उघडं हवं ना. सकाळी ती घेऊन बसले आणि खरोखरच गंमत वाटायला लागली. इंग्रजीत छप्पर सॅग होतं हे ठीक. खाट होते, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होते, तेही समजलं. पण म्हाताऱ्या माणसाचे गालही सॅग होतात. दमलेल्याचे खांदे होतात. बाजारातले भाव होतात. उमेद होते. इतकंच काय, एखादं नाटक मध्यावर रेंगाळलं तर ते नाटकसुद्धा सॅग होतं.

आत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. तिचा हात थांबला.

“आपल्यात बाजेला झोळ येतो, गाल लोंबतात, भाव उतरतात, उमेद खचती,” ती म्हणाली. “हे मातर येवढ्या सगळ्याला येकच शब्द वापरायलेत. लय कंजूस दिसतेत.”

पलीकडे बाबा कचेरीत जायला टोपी झटकत होते. “आपल्यावर निजामाचं राज होतं,” ते म्हणाले. “इंग्रजाची कंजुषी आपल्याला काय मालूम.” आणि चप्पल घालून निघून गेले. शिकवणीत त्यांनी तोंड घातलेलं मला आठवतं ते एवढंच.

मग आम्हाला नादच लागला. अभ्यास बाजूला राहून घरभर हा एक खेळ सुरू झाला. काय सॅग होतं आणि काय होत नाही? गल्लीतली विजेची तार होते. आईने जुन्या लुगड्याचं झाकण करून पापडांवर चार दगड ठेवून ताणलं होतं, ते दुपारपर्यंत सॅग होतं. माठ होत नाही, माठ फुटतो. दार होत नाही. पावसात आमचं मोरीचं दार लागायचं नाही, पण ते फुगलेलं असायचं, आणि त्याला इंग्रजीत वेगळंच क्रियापद निघालं. भाकरी होते का यावर आमचं भांडण झालं. आत्या म्हणाली, मधोमध धरली तर दोन्ही बाजू पडतात, म्हणजे होते. मी म्हणाले, पडायला पाहिजे ते मधलं, कडा नाही.

आणि हे बोलता बोलता मला एकदम उमगलं. डिक्शनरीत हे असं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं, पण सगळी उदाहरणं तेच सांगत होती. वस्तू दोन टोकांना धरलेली असते. टोकं आपापल्या जागी पक्की असतात. वजनाने किंवा वयाने जे खाली जातं ते मधलं. दोरी, तार, छप्पर, खाट, सगळ्यांना हा नियम लागू. नाटकालाही लागू. सुरुवात चांगली असते, शेवटही चांगला असतो. मला इतका आनंद झाला की मी ओसरीत येऊन मोठ्याने सांगितलं. आई म्हणाली, आधी चुलीतलं लाकूड मागे ओढ.

आत्या मात्र विचारात पडली. “बाजारभावाला कुठली टोकं?”

“नसतील. तिथं नियम बसत नाही.”

“अन् माणसाला?”

मी डिक्शनरीची पानं उलटायला लागले. तिने स्वतःच उत्तर दिलं आणि स्वतःच हसली.

“बाईला आसतेत की. येक सासर, येक माहेर.”

मी हसले नाही. आजवर तिने स्वतःबद्दल असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिने लगेच विषय बदलला, म्हणजे तोच विषय, पण कामाच्या बाजूने. “बरं, झोळ आला ते मोडलं तर न्हाई ना? ताणलं की पुन्हा नीट व्हतंय?”

“होतं. मोडण्याला वेगळे शब्द आहेत, चिकार.”

“मग ठीक हाय,” ती म्हणाली, आणि पुढचा धडा काढायला सांगितला.

आता आमच्या बाजेबद्दल सांगायला पाहिजे. घरात बाज एकच होती, अंबाडीच्या दोरीने विणलेली. आत्या रोज ती अंगणात टाकून तिच्यावर बसून वाचायची. अशी बाज वापरून वापरून सैल पडते. मग पायथ्याकडची दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने ओढत न्यायची आणि घट्ट बांधायची. पाय लाकडाला रेटून, दात-ओठ खाऊन ओढावं लागतं. हे काम आमच्याकडे आत्याचं. पाहुणा येणार म्हटलं की बाज ताणायची, ओसरीत टाकायची, वर धुतलेली वाकळ अंथरायची. आमच्या भागात बाज कशी आहे यावरून पाहुणा घर ओळखतो. चहाला साखर कमी पडली तर चालतं, बसायला झोळ असलेली बाज दिली तर तो माणूस गावभर सांगतो. आत्याने ताणलेल्या बाजेवर बसणारा माणूस आपसूक ताठ बसायचा. बाबांना याचा अभिमान होता.

परीक्षा तोंडावर आली असताना एका सकाळी बाबा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभे राहिले. आत्याकडे न बघता म्हणाले, “पालमचे पाव्हणे यायलेत दुपारी. बाज ताणून ठेव.”

पालमचे म्हणजे आत्याच्या सासरचे.

“कशाला यायलेत?” आत्याने विचारलं.

“तुला न्यायला. मीच ‘या’ म्हणून कळवलं.” मग त्यांना राहवलं नसावं. “दोघीबी नांदा म्हणायलेत. तिथली पोरांमागं पडलीय, शेतात माणूस पाहिजे. मी आज हाय, उद्या न्हाई. माझ्यामागं तुझं कोण?”

बाबा कठोर नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचा आवाज कापत होता. पण मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, मला तो आवाज ऐकू आला नाही, फक्त शब्द ऐकू आले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “बरं.” नुसतं बरं. आणि पुस्तक घेऊन बाजेवर जाऊन बसली.

ती वाचत बसली. दहा वाजले, अकरा वाजले. मी दोनदा अंगणात जाऊन आले. ती मान खाली घालून पत्रलेखन पाठ करत होती. मला इतका राग आला की मी आत जाऊन डाळीत मीठ दोनदा टाकलं. ‘बरं’ काय? एवढे महिने मी काय म्हणून घसा कोरडा केला?

दुपारच्या एसटीने पाहुणे आले. आत्याचा नवरा, आणि त्याचा चुलता. नवरा काडीसारखा, चुलता पोत्यासारखा. चुलत्याचा फेटा झकास बांधलेला. बाबांनी लगबगीने दोघांना ओसरीत आणलं. कोणीतरी बाज आत ओढून वर वाकळ टाकली होती, बहुतेक आईने. बाबा म्हणाले, “बसा, बसा.”

चुलता पूर्ण भाराने बसला आणि खाली गेला. म्हणजे गेलाच. त्याचे गुडघे छातीला येऊन लागले. नवरा जरा अंतर राखून अदबीने टेकला, तो घसरत घसरत चुलत्याच्या मांडीला येऊन चिकटला. तो सरकून पुन्हा कडेला गेला. पुन्हा घसरला. बाज ताणलेली नव्हती.

बाबांचा चेहरा उतरला. आईने माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू घशातच अडकलं. आत्या दारात उभी होती. हातात पुस्तक, वाचत होती त्या पानात बोट.

चुलत्याने बोलायला सुरुवात केली. भाषण त्याने एसटीत तयार केलेलं असावं, फार शांतपणे, घरातल्या मोठ्या माणसासारखं बोलायचं होतं. पण हनुवटीला गुडघे लागलेल्या माणसाला मोठेपणा आणता येत नाही. “भाऊसाहेब, झालं गेलं इसरून जाऊ,” तो म्हणाला, आणि हात उंचावताना तोल जाऊन मागे कलंडला. नवऱ्याने त्याला सावरलं, तर बशीतला चहा वाकळीवर सांडला. “दोघी भैनीवानी ऱ्हातेल. पोरगी आमचीच हाय.”

मग आत्या बोलली.

“माझी परीक्षा हाय. मी येत न्हाई.”

चुलता हसला, तोही मनाने वाईट नव्हता. “बरं की. परीक्षा दे. मग येऊ न्यायला.”

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तो ऐकू आला. “हां,” ते म्हणाले, “परीक्षा झाल्यावर. हे बेस झालं.”

“परीक्षेमागं ट्रेनिंग हाय,” आत्या म्हणाली.

“त्याच्यानंतर?”

“नोकरी.”

“अन् मग कवा?” चुलत्याचा आवाज आता चढला.

“मग न्हाईच.” ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं ते तेवढंच. तो खाली बघत होता, सांडलेल्या चहाकडे. त्याच्याकडे बघून मला वाटलं, याला बहुधा आणलेलंच आहे, जसं तिला न्यायचं होतं.

“भाऊसाहेब, तुमी शब्द दिलता!” चुलता गरजला आणि रागाने उठायला गेला. त्याला उठता येईना. एक हात लाकडावर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दोनदा जोर केला आणि दोन्ही वेळा पुन्हा झोळात बसला. सगळे बाबांकडे बघत होते. बाबा काय म्हणणार यावर आत्याचं सगळं होतं. ते घर बाबांचं, अन्न बाबांचं. त्यांनी ‘जा’ म्हटलं असतं तर ती एकटी कुठे जाणार होती?

बाबा पुढे झाले, चुलत्याला हात दिला, ओढून उभं केलं. पण मग हात सोडला नाही. तसाच धरून त्याच्याबरोबर चालत दारापर्यंत गेले, त्याचं पायताण पायाने सरळ करून दिलं, आणि म्हणाले, “परतीची एसटी साडेतीनला हाय. चला, मी येतो स्टँडपोतर.”

ते गेल्यावर मी आत्याला विचारलं, “बाज मुद्दाम नाही ताणलीस?”

“ध्यानातून गेलं,” ती म्हणाली. “पत्रलेखन चालू होतं.”

हे उत्तर मी पुढे कितीतरी वेळा तपासून बघितलं. नर्स झाल्यावर ती जिंतूरकडच्या एका आरोग्य केंद्रात राहायची, मी सुट्टीत जायचे, तेव्हाही विचारलं. तिचं उत्तर बदललं नाही. त्या घरात आम्ही राहत असताना पाहुणा येणार आणि बाज ताणायची विसरली, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. तरीही मला आता वाटतं, कदाचित ती खरंच विसरली असेल. माणूस जे आपलं काम राहिलेलं नाही ते विसरतो. जाता जाता सांगते, इंग्रजीच्या पेपरात ‘सॅग’ कुठेही आला नाही. ती काठावर पास झाली.

पण मला सांगायचं ते त्या दुपारचंच. बाबा स्टँडवरून परत आले तेव्हा उन्हं कलली होती. आत्या पुन्हा अंगणात बाजेवर बसून वाचत होती, झोळात अर्धी बुडालेली. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता स्फोट होणार. मी दारात येऊन उभी राहिले, वेळ आली तर मध्ये पडायला.

“ऊठ,” बाबा म्हणाले.

ती उठली. बाबांनी टोपी काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बाजेच्या पायथ्याशी उकिडवे बसले. गाठ सोडायला लागले. त्यांना ती सुटेना. आयुष्यात त्यांनी बाजेवर बसण्यापलीकडे बाजेशी संबंध ठेवलेला नव्हता. शेवटी दातांनी सोडवली. दोरी ओढली तर ती एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिली.

“पाय रेट लाकडाला,” आत्या म्हणाली. “कडंपासून घे. मधीच वढू नको.”

त्यांनी पाय रेटला. कडेपासून घेतलं. तळहाताची साल निघाली तसा हात धोतराला पुसला आणि पुन्हा ओढलं. आत्या वाकून मदत करायला गेली, तर त्यांनी कोपराने तिला बाजूला केलं. बराच वेळ अंगणात फक्त दोरीचा करकर आवाज. शेवटची गाठ मारून ते उभे राहिले, धापा टाकत, आणि हाताने बाज दाबून बघितली. आत्याने ताणायची तशी ती नव्हती, एका कोपऱ्याला जरा सैलच होती.

“बस,” ते म्हणाले.

ती बसली. बाबांनी टोपी उचलली, झटकली, घातली. आत जायला वळले आणि पायरीवर थांबले.

“हॉलतिकीट आलं का तुझं?” त्यांनी विचारलं. “दाखव बरं मला.”